गप्पी माशांचा हौद

उदगीरच्या त्या गल्लीत बारा घरं. बाराही घरं लिंगायतांची, आणि कुठल्याच घराच्या उंबऱ्याच्या आत अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. अशा गल्लीत मासे पाळणारी बाई एकच, बसम्मा उजळंबे. पण तिला तोंडावर कुणी मासेवाली म्हटलं असतं, तर त्याच्या आज्या-पणज्यांपासूनचा हिशेब तिनं तिथंच चौकात मांडला असता.

मासे खायचे नव्हते. मासे सरकारी होते.

लातूर जिल्हा झाला आणि हिवताप खात्याचा शेषेराव सायकल घेऊन गल्लोगल्ली हिंडायला लागला. बसम्माच्या परसातला दगडी हौद बघून तो म्हणाला, "अक्का, ह्यात गप्पी सोडू का? डासाच्या अळ्या खातात."

"काय सोडू म्हणालात?"

"मासे. बोटाच्या पेराएवढे बी न्हाईत."

बसम्मानं त्याला दाराची पायरी दाखवली. दुसऱ्या वेळी आला तेव्हा पायरीपर्यंतही येऊ दिलं नाही. तिसऱ्या वेळी मात्र शेषेराव शहाणा होऊन आला. येताना सायकलच्या कॅरियरला पत्र्याचा बोर्ड बांधून आणला. बोर्डावर लिहिलं होतं, 'गप्पी मासे पैदास केंद्र. हौदमालक श्रीमती बसम्मा शिवप्पा उजळंबे.'

बसम्मा दोन इयत्ता शिकलेली. बोट लावून एकेक अक्षर तिनं वाचलं आणि आपल्या नावाशी आल्यावर बोट तिथंच राहिलं. तिचं नाव आजवर रेशनकार्डावर होतं, तेही नवऱ्याच्या खाली. ऑइलपेंटनं, जिल्ह्याच्या खर्चानं, रस्त्यावरच्या माणसाला दिसेल असं ते पहिल्यांदाच लिहिलं गेलं होतं.

"सोडा," ती म्हणाली. "पण आमच्या घरात त्याला मासे म्हणायचं न्हाई. गप्पी म्हणायचं."

पुढं दुष्काळ पडला आणि बसम्माचा भाव वाढला. नळ आठ दिवसांआड यायचा तो बंदच झाला, टँकर सुरू झाला. घरोघरी पिंपं, रांजण, टाक्या भरून ठेवलेल्या, त्यात डासांची बाळंतपणं. निम्मी गल्ली तापानं पांघरूण घेऊन बसली. मग बायका तांब्या घेऊन बसम्माच्या परसात यायला लागल्या. बसम्मा प्रत्येकीला मोजून दहा गप्पी द्यायची, पण आधी चौकशी करून.

"पिंप झाकून ठेवतीस का गं?"

"ठेवते की, बसम्माक्का."

"मग डास कुठून आले, तुझ्या म्हायेराहून?"

शेजारची नीलम्मा सगळ्यांत शेवटी आली. तिच्या परसातही हौद होता, बसम्माच्या हौदापेक्षा मोठा, शहाबादी फरशीचा. शेषेरावनं आधी आपल्याकडं का विचारलं नाही, ही तिची पोटदुखी होती. दहा गप्पी तांब्यात घेऊन ती म्हणाली, "आमच्या हौदाला ऊन चांगलं लागतं म्हणतात."

"लागू दे की," बसम्मा म्हणाली. "पापड वाळव."

त्या वर्षीचा श्रावण कोरडाच लागला. आभाळात ढग यायचे आणि पाहुण्यासारखे चहा न घेता निघून जायचे. पण श्रावण तो श्रावण. घरोघरी लिंगपूजा, अभिषेक, विभूतीच्या वड्याच्या वड्या झिजत होत्या. पूजेचं पाणी आणि विभूतीचे हात धुतलेलं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून बायका ते मठासमोरच्या बेलाच्या बुडाशी ओतायच्या. बसम्मानं श्रावणाच्या पहिल्याच दिवशी हुकूम काढला, की एवढ्या दुष्काळात पाणी मातीत घालायचं नाही, सगळ्यांनी पूजेचं पाणी माझ्या हौदात आणून ओतायचं. पाणी वाचेल आणि गप्पींनाही पुण्य लागेल.

बसम्माचा हुकूम मोडायची गल्लीत पद्धत नव्हती. रोज सकाळी अकरा घरचे अकरा तांबे हौदात रिकामे व्हायला लागले. बारावा बसम्माचा स्वतःचा.

पंधरा दिवसांनी एका शुक्रवारी सात गप्पी पोट वर करून तरंगताना दिसले. शनिवारी तीस. बसम्मानं ते सुपलीनं उचलून राखेत पुरले आणि कुणाला सांगायचं नाही असं सुनेला बजावलं. सून महादेवी लातूरला मॅट्रिक झालेली, अंगानं बारीक आणि बोलायला त्याहून बारीक. ती "बरं आत्याबाई" म्हणाली. पण नेमका त्याच दिवशी शेषेराव आला.

"अक्का, पुढच्या शनवारी लातूरहून साहेब येणार हायत. दोन हजार गप्पी पायजेत, खेड्यापाड्यांत सोडायला. तुमच्याच हौदातून न्यायचे ठरलंय."

"न्या की."

शेषेरावनं हौदात बघितलं. आणखी चार तरंगत होते.

"हे काय?"

"झोपलेत," बसम्मा म्हणाली.

शेषेरावला नोकरी करायची होती. त्यानं हळू आवाजात सांगितलं, की साहेबांना मेलेले मासे दिसले तर केंद्र इथून उचलतील. मोठा, उजेडाचा हौद कुठं आहे ते नीलम्मानं आपल्याला आधीच सांगून ठेवलं आहे.

"आमचा जिल्हा उस्मानाबाद व्हता तवा बरं व्हतं," बसम्मा म्हणाली. "लांब व्हतं. साहेब निघायचा म्हणला तर त्याची बदली व्हायची. आता लातूर झालं, सकाळी निघालं की चहाला हजर."

शेषेरावनं खिशातून काडेपेटीएवढं पुस्तक काढलं. आत पिवळ्या कागदाच्या पट्ट्या, वरच्या पुठ्ठ्यावर रंगांची रांग आणि प्रत्येक रंगापुढं आकडा. पट्टी पाण्यात बुडवायची, रंग पुठ्ठ्याशी जुळवायचा. सात-आठ आला तर पाणी गोडं. खाली गेलं की आंबट, वर गेलं की खारट.

"अक्का, आकडा वाचायला येतो ना?"

"आकडा तुमी वाचा. रंगाचं मला सांगू नका." आणि ते खरं होतं. चाळीस वर्षं तिनं इरकली लुगडी स्वतः पारखून घेतली होती. दुकानदार हिरवा म्हणायचा आणि ती सांगायची, हा हिरवा नाही, हा मुगाचा, आणि तोही जुन्या मुगाचा.

पट्टी हौदात बुडवली आणि वर काढली. शेषेराव पुठ्ठा फिरवत राहिला. बसम्मानं नुसतं बघितलं.

"मोरपंखी," ती म्हणाली.

शेषेरावनं आकडा शोधला. "साडेनऊ. बाप रे. ह्यात कायतरी पडून राहिलंय अक्का. सोडा, चुना, साबण, असलं. काय पडतंय ते शोधा, न्हाईतर शनवारपातुर हौदात पाणीच उरंल." पुस्तक तिच्या हातात ठेवून तो गेला.

बसम्मानं ताबडतोब शोध लावला. सून.

"धुण्याचा सोडा कुठं वततीस?"

"मोरीत, आत्याबाई. मोरीचं पाणी तिकडं जातं, हौद इकडं हाय."

"पाण्याला वाट सांगावी लागत न्हाई." तिनं मोरीत पट्टी बुडवली. गडद जांभळा. तिचा चेहरा उजळला. मग महादेवीनं शांतपणे मोरीपासून हौदापर्यंतची जमीन दाखवली. मध्ये हातभर उंच कट्टा, आणि जमीन हौदाकडून मोरीकडं उतरलेली. बसम्मानं चेहरा परत ठेवून दिला.

मग टँकर. टँकरच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास यायचा. भरल्या पिंपात पट्टी बुडवली, तर मुगाचा रंग. तरी ती टँकरवाल्याला दुसऱ्या दिवशी बोललीच, कारण वाक्यं तयार झाली होती. मग नीलम्मा. रात्रीतून भिंतीवरून काहीतरी टाकत असेल. भिंतीवर बसम्मानं ओली माती थापून ठेवली, हाताचा ठसा उमटेल म्हणून. ठसा मांजरीचा निघाला.

रविवारी दुपारी तिचं आपलंच डोकं चाललं. पानात चुना जास्त झाला, जीभ पोळली, की काय करतात? चिंच चघळतात. खारटाला आंबट. तिनं कोठीतली जुनी चिंच काढली, परातीत कोळली आणि तो कोळ गाळून वाटीवाटीनं हौदात सोडला. गप्पी भ्यायला नकोत म्हणून पळीनं हलकं ढवळत राहिली. तासाभरानं पट्टी बुडवली. मूग.

"बघ," ती सुनेला म्हणाली. "मॅट्रिकला शिकवलं का हे?"

भिंतीपलीकडून हे सगळं नीलम्मानं बघितलं. बघितलं म्हणजे काय, तर श्रावणातल्या रविवारी बसम्मा परसात बसली आहे, हौदात मासे आहेत, परातीत चिंचेचा कोळ आहे आणि हातात पळी आहे. यापुढचं तिला बघायची गरज नव्हती.

सोमवारी सकाळी पट्टी पुन्हा मोरपंखी झाली. बसम्मा तिच्याकडं अशी बघत राहिली, जशी उधार नेऊन नाही म्हणणाऱ्या बाईकडं बघावं. अठरा गप्पी तरंगत होते.

श्रावणी सोमवारी मठातले जंगमस्वामी दरवर्षी बसम्माकडं जेवायला यायचे. पुरण झालं, वरण झालं, पाट मांडला. बारा वाजले, एक वाजला. मग निरोप आला, की स्वामींचं पोट बिघडलंय.

"पोट बिघडलंय?" बसम्मानं निरोप घेऊन आलेल्या नागप्पाला विचारलं. हा मठात झाडलोट करणारा, सत्तरीचा आणि खोटं न जमणारा. "मग तुमच्या हातात नीलम्माकडचा विडा कसा काय?"

नागप्पानं विडा पाठीमागं नेला. मग तो खालच्या मानेनं म्हणाला, "बसम्माक्का, मी कायबी मानत न्हाई. पण गल्लीत म्हणून राहिलेत, तुमच्या घरी... चिंचेचं सार केलं म्हणून. श्रावणात."

"सार केलं तर काय झालं?"

"त्या हौदातल्यांचं," नागप्पा म्हणाला, आणि वय विसरून पळाला.

बसम्मा पाटाशेजारी बसली. थाळीतल्या पुरणपोळ्या तशाच राहिल्या. तिला राग आला नाही, ही गोष्ट महादेवीला सगळ्यांत जास्त भीतीची वाटली. ती एवढंच बोलली, "सासू असताना मी लसणाची पाकळी बी चोरून खाल्ली न्हाई गं."

मंगळवारी सकाळी एकही बाई पूजेचं पाणी घेऊन आली नाही. ज्या हौदात तसलं सार झालं, तिथं विभूतीचं पाणी कोण ओतणार? अकरा तांबे पुन्हा बेलाकडं गेले. बसम्मानं दाराच्या फटीतून एकेक तांब्या जाताना बघितला आणि नावं पाठ करून ठेवली. तिनं स्वतः त्या दिवशी देवघरातून पाऊलच बाहेर टाकलं नाही, पूजेचं पाणी ताम्हनातच राहिलं.

मंगळवारी हौदात सहा तरंगले. बुधवारी एकही नाही.

महादेवीनं दोन वेळा मोजलं. मग तिनं पट्टी बुडवली. मोरपंखी होता, पण हिरव्याकडं कलला होता. ती देवघरात गेली आणि ताम्हनातल्या कालच्या पाण्यात दुसरी पट्टी बुडवून बाहेर आली. ती पट्टी तिनं सासूसमोर धरली.

पट्टी जांभळी होती. पिकल्या जांभळासारखी.

"विभूती म्हणजे शेणीची राखच की, आत्याबाई," ती हळूच म्हणाली. "राखेनं आपण भांडी घासतो. चांगला पाऊस असला तर हौद भरून वाहतो, राख वाहून जाते. औंदा पाणी बदललंच न्हाई. बारा घरची राख, पंधरा-वीस दिवस, त्याच पाण्यात."

बसम्मानं पट्टी घेतली. उजेडात धरली, सावलीत धरली. रंगाशी तिनं जन्मात कधी वाद घातला नव्हता.

"म्हंजे मीच."

"तसं न्हाई, आत्याबाई..."

"गप बस. तसंच हाय."

आता पेच असा, की आळ खोटा ठरवायचा तर चिंच कशाला कोळली ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर पाणी कुणाच्या हुकमानं बिघडलं तेही सांगायला हवं. बोलली नाही तर तांबे बेलाकडंच जात राहतील आणि गप्पी जगतील, पण बसम्मा चिंचेच्या सारासकट गल्लीच्या तोंडी राहील. शिवाय नुसतं जगून भागणार नव्हतं. शनिवारपर्यंत रंग मुगावर आणायचा तर निम्मं पाणी काढून नवं घालायला हवं होतं, आणि टँकरवर घरटी चार घागरींच्या वर मिळत नव्हतं. नवं पाणी होतं ते फक्त गल्लीकडं.

संध्याकाळी टँकर आला. सगळ्या बायका घागरी लावून रांगेत. बसम्मा घागर न घेता आली, तेव्हाच रांगेतल्या माना वळल्या. ती दगडावर चढली. कुणी हात दिला नाही, तिनंही मागितला नाही.

"मी चिंच कोळली," ती म्हणाली. "हौदाचं पाणी खारट झालं व्हतं म्हून कोळली. पाणी खारट झालं ते पूजेच्या राखेनं. राख हौदात टाका म्हून मी सांगितलं व्हतं. चूक माझी. एकदाच सांगते, पुन्हा म्हणा म्हणाल तर म्हणणार न्हाई."

रांगेत हालचाल झाली. आपल्याला नीट ऐकू आलं का, असं प्रत्येकीनं शेजारणीच्या तोंडाकडं बघून ठरवलं. बसम्माच्या तोंडून तो शब्द बाहेर पडल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"झालं माझं," बसम्मा म्हणाली. "आता तुमचं. तीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं तुमी. ह्या घरच्या बाळंतपणाला मी, त्या घरच्या मयताला मी. आणि एक बाई भिंतीवरून बघून सांगते, बसम्मा श्रावणात सार करते, आणि तुमी तांब्या उचलून बेलाकडं चालल्या. एकीनं तरी येऊन इचारलं का, की बसम्माक्का, काय करून राहिलीस? माझी चूक एक झाली. तुमच्या घरटी एकेक, अकरा झाल्या. चुकीला एक घागर. उद्या सकाळी हौदापाशी आणून ठेवायची."

दुष्काळात घागर म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी मागून पुटपुटलं, की चूक हिची आणि दंड आपल्याला. पण पुटपुटणारीनंही मान खालीच ठेवली.

नीलम्मा म्हणाली, "मी सार म्हणाले न्हाई. चिंच म्हणाले."

"तुझ्या दोन घागरी," बसम्मा म्हणाली.

गुरुवारी सकाळी बारा घागरी हौदाच्या काठाला लागल्या. नीलम्मानं दोन आणल्या, दुसरी थोडी उणी. महादेवीनं ब्लीचिंगचा वास जावा म्हणून घागरी उघड्या तोंडानं दिवसभर उन्हात ठेवल्या, घरातल्या पिंपातलं पाणीही त्यांच्या जोडीला काढलं. हौदातलं खारट पाणी काढलं ते फेकायचं जिवावर येत होतं. बसम्मानं एक पितळी पातेलं त्यानं घासून बघितलं. पातेलं असं लखलखलं, की बायका भांडी घेऊनच आल्या. दंड म्हणून आणलेली घागर रिकामी झाल्यावर ती ह्या भांडी घासायच्या पाण्यानं भरून परत नेताना कुणालाही आपण काही गमावलं असं वाटलं नाही. शुक्रवारी नवं पाणी सोडलं, तेही एकदम नाही. घागर वाकडी करून बारीक धार, तासातासानं एकेक. गप्पींना नव्या पाण्याची सवय व्हायला पाहिजे, असं महादेवी म्हणाली, आणि बसम्मा पहिल्यांदाच तिला नडली नाही.

संध्याकाळी पट्टीचा रंग तिनं एकटीनंच बघितला आणि पुस्तक कनवटीला खोचलं.

शनिवारी साहेब जीपमधून आले. तरुण होते, घामेजले होते, आणि सकाळपासून त्यांनी तीन कोरडे हौद बघितले होते. शेषेराव नोंदवही धरून मागं. सगळी गल्ली परसाच्या दारात. साहेबांनी स्वतःची पट्टी बुडवली, डोळे बारीक केले.

"साडेसात," ते म्हणाले. "चांगलं आहे. पण संख्या कमी दिसते. दोन हजार कुठं आहेत?"

शेषेरावनं नोंदवही उघडली. "आठशे-नऊशे असतील साहेब. मधी काही दगावले."

"कारण? नोंद करावी लागेल."

दारातली गल्ली पुढं सरकली. शेषेराव पेन उघडून बसम्माकडं बघत राहिला. एवढ्या बायकांपुढं एकदा बोलली होती ते पुरे होतं, पण ही सरकारी वही होती, लातूरला जाणार होती. दुष्काळाचं नाव घेतलं असतं तर साहेबांनी मान डोलावून लिहिलं असतं.

"लिवा," बसम्मा म्हणाली. "हौदमालकिणीनं पाण्यात भक्ती जास्त घातली."

साहेबांनी वर बघितलं. "म्हणजे?"

महादेवीनं पदर सावरून सांगितलं. राख, बारा घरं, श्रावण. साहेब शेवटपर्यंत ऐकत राहिले. ते हसले नाहीत. त्यांच्याही घरी पूजा होत असावी. त्यांनी शेषेरावची वही घेऊन स्वतःच्या हातानं लिहिलं, 'क्षारता वाढली. हौदमालकांनी स्वतः शोध घेऊन दुरुस्त केली.' ते त्यांनी वाचून दाखवलं. 'हौदमालकांनी' या शब्दाशी बसम्माची मान थोडी ताठ झाली.

"केंद्र इथंच राहील," साहेब म्हणाले. "आज पाचशे नेतो. पण एकाच हौदावर भरवसा ठेवणं बरं नाही. पाणी पुन्हा बिघडलं तर बी कुठून आणायचं? गल्लीत दुसरा एखादा हौद सुचवा, तिथंही सोडू."

नीलम्मानं पदर नीट केला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं, जसं काही आपण इथं सहजच उभ्या आहोत. गल्लीत हौद दोनच होते, आणि ते साहेबांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

बसम्मानं हौदाकडं बघितलं. आठशे-नऊशे गप्पी काठाशी गोळा झाले होते.

"नीलम्माचा घ्या," ती म्हणाली. "हौद मोठा हाय, फरशी चांगली हाय, ऊन बी लागतं. बाई बोलते लई. पण गप्पींना कान नसतात, त्यांचं बरं हाय."